संकटकाळातील ईश्वरनिष्ठा : वर्धा येथील जे. सी. कुमारप्पा यांच्या ख्रिस्ती जीवनदृष्टीचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

वर्धा जिल्ह्याचा आधुनिक इतिहास म्हटला की सेवाग्राम, पवनार आणि मगनवाडी ही तीन नावे प्रथम डोळ्यांसमोर येतात. १८६२ साली नागपूरपासून वेगळा होऊन अस्तित्वात आलेला हा लहानसा जिल्हा १९३४ नंतरच्या दीड दशकात देशाच्या राजकीय आणि रचनात्मक कार्याचे केंद्र बनला. या काळाविषयी विपुल लेखन झाले आहे. परंतु त्यात एक बाजू काहीशी दुर्लक्षित राहिलेली दिसते. वर्धेच्या या वैचारिक वातावरणात काही ख्रिस्ती व्यक्तींनी अत्यंत महत्त्वाची भूमिका बजावली आणि ती बजावताना त्यांनी आपला धर्म बाजूला ठेवला नाही. किंबहुना आपल्या श्रद्धेनेच आपल्याला येथे आणले, अशी त्यांची धारणा होती. जोसेफ चेल्लादुराई कुमारप्पा (१८९२–१९६०) हे त्यांपैकी सर्वांत ठळक नाव होय.

कुमारप्पा यांची ओळख सामान्यतः गांधीवादी अर्थतज्ज्ञ म्हणून करून दिली जाते. ही ओळख यथार्थ असली तरी अपुरी आहे. भरभराटीला आलेला व्यवसाय त्यांनी सोडला, अनेकदा कारावास भोगला, स्वधर्मीय धर्माधिकाऱ्यांची नाराजी ओढवून घेतली आणि स्वातंत्र्यानंतर उपेक्षाही सोसली. या सर्व अवस्थांत त्यांना टिकवून धरणारी शक्ती कोणती, हा प्रश्न केवळ अर्थशास्त्राच्या आधारे सुटत नाही. कठीण काळात ईश्वर मार्ग दाखवितो, या ख्रिस्ती विश्वासाचा त्यांच्या जीवनात नेमका काय अर्थ होता, याचा शोध प्रस्तुत लेखात घेण्याचा प्रयत्न केला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१. संकटकाळातील ईश्वरी मार्गदर्शन या ख्रिस्ती संकल्पनेचे स्वरूप समजून घेणे.
२. कुमारप्पा यांच्या जीवनातील प्रमुख कसोटीच्या प्रसंगांचा या संकल्पनेच्या संदर्भात अभ्यास करणे.
३. श्रद्धेसारख्या आंतरिक गोष्टीचे इतिहासलेखनात मूल्यमापन कसे करावे, याविषयी काही निष्कर्ष मांडणे.

यासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून कुमारप्पा यांचे प्रकाशित लेखन, त्यांच्या जीवनातील सर्वमान्य घटना आणि समकालीन परिस्थिती यांचा आधार घेतला आहे.

ईश्वरी मार्गदर्शनाची ख्रिस्ती संकल्पना

ख्रिस्ती परंपरेत ईश्वरी मार्गदर्शनाची कल्पना जुन्या करारापासून चालत आलेली आहे. मिसर देशातून बाहेर पडलेल्या इस्राएल लोकांना दिवसा मेघस्तंभ आणि रात्री अग्निस्तंभ वाट दाखवीत असे, असे निर्गमाच्या पुस्तकात वर्णन आहे. येथे लक्षात घेण्याजोगी बाब अशी की, ही वाट सुखाची नव्हती. ती रानातून जाणारी आणि चाळीस वर्षांची होती. त्याच पुस्तकातील मान्नाची कथाही अर्थपूर्ण आहे. रानात मिळणारे हे अन्न ज्या त्या दिवसापुरते गोळा करावयाचे होते. दुसऱ्या दिवसासाठी साठवून ठेवले की त्यात किडे पडत. विश्वास आणि संचय यांतील विरोध या कथेतून सूचित होतो. प्रभू येशूने शिकविलेल्या प्रार्थनेतही रोजच्या भाकरीचीच मागणी आहे.

नव्या करारात या कल्पनेला आणखी गंभीर वळण मिळते. गेथशेमाने बागेत येशू आपल्यावरील संकट टळावे म्हणून प्रार्थना करतो, पण शेवटी पित्याच्या इच्छेला शरण जातो. संकट टळत नाही. म्हणजेच ख्रिस्ती विचारात मार्गदर्शनाचा अर्थ संकटातून सुटका असा नेहमीच होत नाही. संकटातही कोणते पाऊल टाकावे हे कळणे आणि ते टाकण्याचे बळ मिळणे, असा तो अर्थ आहे. जॉन हेन्री न्यूमन यांनी १८३३ साली, इटलीतील गंभीर आजारातून उठल्यानंतर परतीच्या सागरी प्रवासात ‘लीड, काइंडली लाइट’ ही प्रार्थना लिहिली, तिचा आशयही हाच आहे. ही प्रार्थना महात्मा गांधींना अत्यंत प्रिय होती आणि नरसिंहराव दिवेटिया यांनी केलेल्या तिच्या गुजराती रूपांतरामुळे ती आश्रमाच्या प्रार्थनेत रुळली. एका ख्रिस्ती साधकाच्या संकटातून जन्मलेली ही प्रार्थना आश्रमवासीयांना परकी वाटली नाही, ही गोष्ट येथे नोंदवणे आवश्यक आहे.

मराठी ख्रिस्ती परंपरेतील पूर्वसूत्र

कुमारप्पा तमिळभाषक असले तरी ज्या भूमीत त्यांनी कार्य केले, तेथील मराठी ख्रिस्ती परंपरेत अशा निष्ठेची उदाहरणे अगोदरच घडून गेली होती. १८९६–९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि तेथील निराधार मुली व विधवा यांना त्यांनी आश्रय दिला. वर्धा जिल्हा त्या वेळी मध्य प्रांतातच समाविष्ट होता. हाती पुरेसा पैसा नसताना शेकडो जीवांची जबाबदारी घेण्याचे हे साहस त्यांनी प्रार्थनेच्या बळावर केले. त्यातूनच केडगावच्या मुक्तिसदनाचा विस्तार झाला. पुढे १९२१ मध्ये कन्या मनोरमा हिचा मृत्यू झाला, तरी रमाबाईंनी हाती घेतलेले बायबलच्या मराठी भाषांतराचे काम सोडले नाही. एप्रिल १९२२ मध्ये त्यांचे निधन झाले.

रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, तेव्हा कुटुंब आणि समाज दोन्ही त्यांना दुरावले. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ ही कल्पना मांडली व भारतीय पद्धतीच्या ख्रिस्तभक्तीचा मार्ग धरला. निश्चित वेतन सोडून अनिश्चित मार्गावर पाऊल टाकण्याची ही कृती पुढे कुमारप्पा यांच्या निर्णयाशी जुळणारी आहे. या दोन्ही उदाहरणांत श्रद्धेचे फळ म्हणून सुरक्षितता मिळाली नाही; मिळाली ती जबाबदारी.

पूर्वायुष्य आणि वळण

कुमारप्पा यांचा जन्म ४ जानेवारी १८९२ रोजी तंजावर येथे एका सुशिक्षित ख्रिस्ती कुटुंबात झाला. त्यांचे मूळ नाव जोसेफ चेल्लादुराई कॉर्नेलियस. लंडन येथे हिशेबतपासणीचे शिक्षण घेऊन ते भारतात परतले आणि मुंबईत त्यांनी स्वतःचा व्यवसाय उभारला. राहणी पूर्णतः पाश्चात्त्य होती. १९२७ मध्ये ते अमेरिकेस गेले. सिरॅक्यूज विद्यापीठातील पदवीनंतर कोलंबिया विद्यापीठात प्राध्यापक सेलिग्मन यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी सार्वजनिक अर्थकारण आणि भारताचे दारिद्र्य यांचा अभ्यास केला. ब्रिटिश राजवटीचे आकडेच त्यांच्या विचारांना कलाटणी देणारे ठरले. सरकारी जमाखर्चातून त्यांना असे दिसले की, करांच्या रूपाने जनतेकडून घेतलेल्या पैशाचा मोठा भाग लष्कर, प्रशासन व कर्जफेड यांवर खर्च होतो आणि ज्याच्याकडून तो घेतला जातो त्या शेतकऱ्याच्या वाट्याला फारच थोडा येतो.

९ मे १९२९ रोजी साबरमती येथे त्यांची व गांधीजींची भेट झाली. त्यांचा प्रबंध ‘यंग इंडिया’तून क्रमशः प्रसिद्ध झाला आणि गांधीजींनी त्यांच्यावर गुजरातमधील मातर तालुक्याच्या आर्थिक पाहणीचे काम सोपविले. याच सुमारास कुटुंबाने कॉर्नेलियस हे आडनाव सोडून कुमारप्पा हे पूर्वजांचे नाव स्वीकारले. धर्म मात्र सोडला नाही. नाव बदलणे व धर्म न बदलणे या दोन्ही गोष्टी एकत्र वाचल्या पाहिजेत. ख्रिस्ती होणे म्हणजे पाश्चात्त्य होणे, ही त्या काळची रूढ समजूत त्यांनी आपल्या आचरणाने नाकारली.

या वळणाकडे पाहताना एक गोष्ट ध्यानात येते. कुमारप्पा यांच्या बाबतीत ईश्वरी हाक ही कोणत्याही साक्षात्काराच्या रूपाने आली नाही. ती जमाखर्चाच्या तक्त्यांतून आली. आकड्यांत दिसलेला अन्याय पाहून गप्प राहणे आपल्या श्रद्धेशी विसंगत आहे, असे त्यांना वाटले. अधिक अभ्यास आणि त्यातून आलेले कर्तव्याचे भान हेच त्यांच्यासाठी मार्गदर्शनाचे रूप होते.

पहिली कसोटी : धर्माधिकाऱ्यांशी मतभेद

१९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात निःशस्त्र लोकांवर लाठ्या चालविल्या गेल्या. गांधीजींच्या अटकेनंतर ‘यंग इंडिया’च्या संपादनाची जबाबदारी कुमारप्पा यांच्याकडे आली. एक ख्रिस्ती म्हणून त्यांच्यासमोर बिकट प्रश्न उभा राहिला. डोंगरावरील प्रवचनात येशूने जी शिकवण दिली, तिचे आचरण ख्रिस्ती नसलेले सत्याग्रही करीत होते आणि स्वतःला ख्रिस्ती म्हणविणारे सरकार त्यांच्यावर प्रहार करीत होते. अशा वेळी चर्चने कोणाच्या बाजूने उभे राहावे? याविषयी त्यांनी कलकत्त्याचे बिशप आणि भारतातील अँग्लिकन चर्चचे प्रमुख धर्माधिकारी फॉस वेस्टकॉट यांच्याशी पत्रव्यवहार केला. येशूची अहिंसेची शिकवण राजकीय लढ्याला लागू करण्यास धर्माधिकारी राजी नव्हते. कुमारप्पा यांना ही भूमिका मान्य होणे शक्य नव्हते आणि तसे त्यांनी जाहीरपणे मांडले.

हा मतभेद केवळ वैयक्तिक नव्हता. कलकत्त्याच्या बिशप्स कॉलेजमधील अध्यापक एस. के. जॉर्ज यांनीही याच प्रश्नावरून १९३२ मध्ये आपले पद सोडले आणि पुढे १९३९ मध्ये गांधीजींनी ख्रिस्ती धर्मासमोर उभ्या केलेल्या आव्हानाविषयी ग्रंथ लिहिला. श्रद्धावान माणसासाठी सर्वांत कठीण काळ विरोधकांमुळे येत नाही. आपल्याच उपासना-समाजाने पाठ फिरविली म्हणजे तो येतो. ज्या संस्थेकडून मार्गदर्शनाची अपेक्षा करावी तीच मौन धारण करते, तेव्हा व्यक्तीला मूळ वचनाकडे व स्वतःच्या सदसद्विवेकाकडे वळावे लागते. कुमारप्पा यांनी नेमके हेच केले. त्यांनी चर्चवर टीका केली, पण ख्रिस्ताचा त्याग केला नाही.

१९३१ मध्ये त्यांना कारावास झाला व गांधी–आयर्विन करारानंतर सुटका झाली. १९३२ मध्ये पुन्हा शिक्षा झाली.

मगनवाडी : श्रद्धेचे हिशेबी रूप

१५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये विनाशकारी भूकंप झाला. मदतनिधीच्या हिशेबाची जबाबदारी कुमारप्पा यांच्यावर सोपविण्यात आली. कार्यकर्त्यांच्या दैनंदिन खर्चावर त्यांनी कठोर मर्यादा घातली. स्वतः गांधीजी व त्यांच्यासोबतची मंडळी बिहारमध्ये आली असता त्यांचा खर्च या निधीतून करण्यास कुमारप्पा यांनी नकार दिला आणि गांधीजींनी तो नकार योग्य मानला, हा प्रसंग सुपरिचित आहे. या प्रसंगाकडे केवळ प्रशासकीय काटेकोरपणा म्हणून पाहिले जाते. परंतु येशूच्या दाखल्यांतून वारंवार येणारी कारभाऱ्याची कल्पना लक्षात घेतली तर त्याचा धार्मिक अर्थ स्पष्ट होतो. कारभाऱ्याच्या हाती असलेली संपत्ती त्याची नसते. धनी परत येतो तेव्हा तिचा हिशेब द्यावा लागतो. भूकंपग्रस्तांच्या नावे आलेली प्रत्येक पै ही कुमारप्पा यांच्या दृष्टीने अशी ठेव होती.

१४ डिसेंबर १९३४ रोजी वर्धा येथे अखिल भारत ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली. श्रीकृष्णदास जाजू अध्यक्ष आणि कुमारप्पा चिटणीस झाले. जमनालाल बजाज यांनी संघासाठी आपली संत्र्यांच्या बागेसह असलेली जागा दिली. मगनलाल गांधी यांच्या स्मरणार्थ तिला मगनवाडी हे नाव मिळाले. येथेच कुमारप्पा यांनी आपल्या जीवनाचा सर्वाधिक फलदायी काळ व्यतीत केला. ते आजन्म अविवाहित राहिले. त्यांचे बंधू भारतन् कुमारप्पा हेही पुढे या कार्यात सामील झाले.

मगनवाडीतील काम दिसावयास अगदी साधे होते. हातसडीचा तांदूळ, बैलघाणीचे तेल, नीरेपासून गूळ, मधमाशीपालन, हातकागद, साबण, सुधारित चूल आणि वनस्पती तेलावर जळणारा ‘मगनदीप’ असे हे उद्योग होते. खेड्यातील कच्चा माल बाहेर जाऊ नये, त्यावर खेड्यातच प्रक्रिया व्हावी आणि त्या श्रमाचा मोबदला खेडुताच्या घरात राहावा, हे या सर्वांमागील सूत्र होते. ‘ग्राम उद्योग पत्रिका’ या नियतकालिकातून आणि १९३६ मधील ‘व्हाय द व्हिलेज मूव्हमेंट?’ या ग्रंथातून कुमारप्पा यांनी त्याची तात्त्विक मांडणी केली. ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते मगन संग्रहालयाचे उद्घाटन झाले. मध्य प्रांत व वऱ्हाडच्या काँग्रेस मंत्रिमंडळाने नेमलेल्या औद्योगिक पाहणी समितीचे अध्यक्ष म्हणून त्यांनी प्रांतातील शेकडो खेड्यांची पाहणी करवून घेतली.

या कामाचा त्यांच्या श्रद्धेशी असलेला संबंध त्यांनी कधी लपविला नाही. शेजाऱ्यावर स्वतःप्रमाणे प्रेम करावयाचे, तर आपण वापरतो त्या वस्तूच्या मागे कोणाचे शोषण दडले आहे, हे तपासावे लागेल. वस्तू विकत घेणारा तिच्या निर्मितीतील पापातही भागीदार होतो, हा त्यांचा विचार होता. उपासना आणि बाजारहाट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असे ते मानीत नसत.

दुसरी कसोटी : कारागृह

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिश सरकारने भारतातून धान्य, कापड व अन्य माल मोठ्या प्रमाणावर उचलला. त्याची किंमत लंडनमध्ये स्टर्लिंगच्या खात्यावर जमा होत असे आणि येथे त्या बदल्यात कागदी चलन छापले जाई. युद्ध संपेपर्यंत ही येणे रक्कम सुमारे १३० कोटी पौंडांपर्यंत गेली. परिणामी भाव भडकले. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात लाखो लोक मृत्युमुखी पडले, त्यामागील कारणांत या महागाईचाही समावेश होतो. कुमारप्पा यांनी या व्यवहारावर ‘स्टोन फॉर ब्रेड’ या लेखात कठोर टीका केली. भाकरी मागणाऱ्या मुलाला कोणता बाप दगड देईल, असा येशूचा प्रश्न मत्तयाच्या शुभवर्तमानात आहे. त्याचीच आठवण करून देणारे हे शीर्षक होते. चलनवाढीसारख्या रूक्ष विषयाला शुभवर्तमानातील प्रतिमा लावण्यामागे त्यांची संपूर्ण जीवनदृष्टी उभी आहे. या लेखनाबद्दल त्यांना सक्तमजुरीची शिक्षा झाली व जबलपूरच्या मध्यवर्ती कारागृहात ठेवण्यात आले.

प्रकृती खालावलेली, उच्च रक्तदाबाचा विकार जडलेला, मगनवाडीचे काम विस्कळीत झालेले आणि देशातील सर्व प्रमुख नेते तुरुंगात, अशी ही स्थिती होती. ज्या मार्गावर ईश्वराने आपल्याला आणले असे वाटले, तो मार्ग आता बंद झाला, असा निष्कर्ष काढण्यास पुरेसे कारण होते. याच कारागृहात कुमारप्पा यांनी आपले दोन महत्त्वाचे ग्रंथ लिहिले. एक ‘प्रॅक्टिस अँड प्रिसेप्ट्स ऑफ जीझस’ आणि दुसरा ‘इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स’. दोन्हींना गांधीजींनी १९४५ मध्ये प्रस्तावना लिहिल्या आणि कौतुकाने त्यांना धर्मशास्त्राची व ग्रामोद्योगाची ‘डॉक्टर’ पदवी बहाल केली.

हे दोन ग्रंथ सहसा वेगवेगळ्या विषयांचे म्हणून वाचले जातात. वस्तुतः ते एकाच चिंतनाची दोन अंगे आहेत. पहिल्या ग्रंथाच्या शीर्षकातच येशूच्या आचरणाला अग्रस्थान आहे, उपदेश त्यानंतर येतो. येशूविषयीचे सिद्धान्त मान्य करणे म्हणजे ख्रिस्ती होणे नव्हे. त्याच्यासारखे जगण्याचा प्रयत्न करणे म्हणजे ख्रिस्ती होणे, हे त्यांचे प्रतिपादन आहे. दुसऱ्या ग्रंथात त्यांनी निसर्गाच्या निरीक्षणातून अर्थव्यवस्थेचे पाच प्रकार सांगितले : परोपजीवी, लुटारू, उद्यमी, समूहप्रधान आणि सेवाप्रधान. दुसऱ्याचा नाश करून जगणाऱ्या परोपजीवी अर्थव्यवस्थेपासून, मोबदल्याची अपेक्षा न करता पिलाचे संगोपन करणाऱ्या मातेप्रमाणे वागणाऱ्या सेवाप्रधान अर्थव्यवस्थेपर्यंत माणसाने चढत जावे, अशी ही मांडणी आहे. खाणीतील साठे संपणारे असतात, तर निसर्गाच्या चक्रातून पुन्हा निर्माण होणारी संपत्ती टिकाऊ असते, हा भेदही ते करतात. पर्यावरणाचा प्रश्न जगाच्या व्यासपीठावर येण्याच्या कितीतरी आधी हे विवेचन झाले, हे विशेष होय.

मान्नाच्या कथेशी या विचाराचे नाते सहज लक्षात येते. निर्मितीची व्यवस्था विश्वासार्ह आहे असे मानणारा माणूस तिच्याकडून गरजेपुरते घेतो. तसा विश्वास नसलेला माणूस साठवतो, ओरबाडतो आणि शेवटी लढतो. कुमारप्पा यांच्या अर्थशास्त्राचा पाया अशा प्रकारे ईश्वरावरील भरवशात आहे, असे म्हणता येईल.

सेवाग्रामचे सहप्रवासी

कुमारप्पा हे वर्धेतील एकमेव ख्रिस्ती कार्यकर्ते नव्हते. सिलोनमधील तमिळ ख्रिस्ती कुटुंबातून आलेले ई. डब्ल्यू. आर्यनायकम् यांनी पत्नी आशादेवी यांच्यासह नई तालीमचे कार्य उभे केले. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेनंतर स्थापन झालेल्या हिंदुस्थानी तालीमी संघाचे ते चिटणीस होते. या दांपत्याला आपल्या लहान मुलाच्या मृत्यूचे दुःख सोसावे लागले. तरी सेवाग्रामच्या मुलांचे शिक्षण त्यांनी थांबविले नाही. कपूरथळ्याच्या राजघराण्यातील राजकुमारी अमृत कौर ख्रिस्ती संस्कारांत वाढल्या होत्या. त्यांनी गांधीजींच्या चिटणीस म्हणून अनेक वर्षे काम केले व स्वातंत्र्यानंतर त्या देशाच्या पहिल्या आरोग्यमंत्री झाल्या. क्वेकर पंथाच्या मार्जोरी साइक्स यांनी १९४९ नंतरचे सुमारे दशक सेवाग्राम येथे अध्यापक-प्रशिक्षणाच्या कार्यात घालविले.

या व्यक्तींचे पंथ, प्रदेश व स्वभाव भिन्न होते. परंतु धर्मांतराचा आग्रह न धरता सेवेतून ख्रिस्ताची साक्ष द्यावी, ही दृष्टी त्यांच्यात समान होती. पवनार येथील विनोबा भावे यांनी बायबलचा सूक्ष्म अभ्यास करून ‘ख्रिस्त धर्म सार’ हे संकलन सिद्ध केले, त्यावरूनही या परिसरातील परस्पर आदराची कल्पना येते.

तिसरी कसोटी : स्वातंत्र्यानंतरचे एकाकीपण

कुमारप्पा यांच्या जीवनातील सर्वांत कठीण काळ कोणता, असा प्रश्न केल्यास कारावासाचा असे उत्तर सहज दिले जाईल. प्रस्तुत लेखकाच्या मते तो स्वातंत्र्यानंतरचा होता. तुरुंगात असताना लढा सुरू होता आणि ध्येय पुढे होते. ३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींची हत्या झाली आणि त्यानंतर देशाचे आर्थिक धोरण अवजड उद्योग व केंद्रीय नियोजन यांच्या दिशेने वळले. कुमारप्पा यांच्या अध्यक्षतेखालील काँग्रेस कृषी सुधारणा समितीने १९४९ मध्ये अहवाल सादर केला. मध्यस्थांचे उच्चाटन, कसणाऱ्याकडे जमीन आणि जमीनधारणेवर कमाल मर्यादा या शिफारशी त्यात होत्या. त्यांची अंमलबजावणी उशिरा आणि अर्धवट झाली.

अशा वेळी कुमारप्पा वर्धा जिल्ह्यातीलच सेलडोह या खेड्यात गेले. तेथे त्यांनी ‘पण्णै आश्रम’ सुरू केला. पण्णै या तमिळ शब्दाचा अर्थ शेतमळा. ग्रामोद्योगाचा विचार शेतीच्या आधाराशिवाय पुरा होत नाही, म्हणून कोरडवाहू जमिनीवर प्रयोग करावेत, असा त्यांचा उद्देश होता. कोलंबिया विद्यापीठात शिकलेला, राष्ट्रीय समितीचे अध्यक्षपद भूषविलेला साठीचा माणूस खेड्यात नव्याने आरंभ करीत होता. १९५१ मध्ये चीनचा आणि १९५२ मध्ये रशियाचा प्रवास करून आल्यानंतर त्यांनी तेथील काही सुधारणांची प्रशंसा केली, तेव्हा जुन्या सहकाऱ्यांतही गैरसमज निर्माण झाले. प्रकृतीने साथ न दिल्यामुळे त्यांना सेलडोह सोडावे लागले व मदुराईजवळील टी. कल्लुपट्टी येथील गांधीनिकेतन आश्रमात ते राहिले. ३० जानेवारी १९६० रोजी, गांधीजींच्या पुण्यतिथीच्या दिवशीच, मद्रास येथे त्यांचे निधन झाले.

लौकिक मापाने पाहता सेलडोहचा प्रयोग यशस्वी झाला असे म्हणता येत नाही. ईश्वर मार्ग दाखवितो असे मानणाऱ्याच्या पदरी शेवटी अपयश आले, तर त्या विश्वासाचे काय? हा प्रश्न टाळून या विषयाची चर्चा पूर्ण होऊ शकत नाही.

चर्चा

येथे दोन आक्षेपांचा विचार करणे इष्ट ठरेल. पहिला असा की, कोणीही आपल्या निर्णयाला ईश्वरी मार्गदर्शन म्हणू शकतो. साम्राज्याचे समर्थन करणारे धर्माधिकारीही आपण ईश्वरी इच्छेनुसार वागतो असेच समजत होते. मग कुमारप्पा यांचा दावा अधिक खरा कशावरून? इतिहासकाराला ईश्वरी इच्छेचा निवाडा करता येत नाही. परंतु त्या दाव्याची किंमत कोणी मोजली, हे त्याला तपासता येते. ज्या मार्गदर्शनाने स्वतःचे पद, पैसा वा प्रतिष्ठा वाढते त्याकडे साशंकतेने पाहावे. ज्यासाठी स्वतःलाच झळ सोसावी लागते, त्याची प्रामाणिकता तरी मान्य करावी लागते. कुमारप्पा यांच्या प्रत्येक मोठ्या निर्णयानंतर त्यांचे उत्पन्न, सुरक्षितता किंवा लोकप्रियता घटली.

दुसरा आक्षेप असा की, ईश्वरावरील भरवसा माणसाला निष्क्रिय बनवितो. कुमारप्पा यांचे जीवन याचे उत्तर आहे. त्यांच्या विश्वासातून पाहण्या, हिशेब, अहवाल, यंत्रांचे नमुने आणि शेतीचे प्रयोग निर्माण झाले. परिणाम आपल्या हाती नाही असे मानल्यामुळे ते काम सोडून बसले नाहीत. उलट परिणामाची चिंता कमी झाल्यामुळे काम अधिक काटेकोरपणे करू शकले. बाह्य यश हीच खूण मानली असती, तर १९४९ नंतर सेलडोहला जाण्याचे काही कारण नव्हते.

त्यांच्या विचारांच्या मर्यादाही नमूद केल्या पाहिजेत. ग्रामोद्योगांची उत्पादकता, वाढती लोकसंख्या आणि जातिव्यवस्थेने ग्रस्त असलेली खेड्यातील सत्तारचना यांविषयी त्यांच्या मांडणीत पुरेशी उत्तरे मिळत नाहीत. खेडे सोडून शहराकडे जाण्यात ज्यांना मुक्ती दिसली, त्यांचा अनुभवही तितकाच खरा आहे. श्रद्धेची सचोटी ही आर्थिक सिद्धान्ताच्या अचूकतेची हमी ठरत नाही, हे भान अभ्यासकाने ठेवणे आवश्यक आहे.

निष्कर्ष

१. कुमारप्पा यांच्या जीवनात ईश्वरी मार्गदर्शनावरील विश्वास हा संकटातून सुटका मिळण्याची अपेक्षा म्हणून दिसत नाही. संकटात असताना पुढचे योग्य काम कोणते, याचा शोध म्हणून तो दिसतो.

२. हे मार्गदर्शन त्यांना शुभवर्तमानाचे वाचन, वस्तुस्थितीचा काटेकोर अभ्यास आणि सदसद्विवेक या तिन्हींच्या संयोगातून मिळाले. यांपैकी एकालाही त्यांनी दुसऱ्याचा पर्याय मानले नाही.

३. पंडिता रमाबाई व ना. वा. टिळक यांच्यापासून सेवाग्रामच्या ख्रिस्ती कार्यकर्त्यांपर्यंत जबाबदारीच्या रूपाने व्यक्त होणाऱ्या श्रद्धेची एक परंपरा महाराष्ट्रात आढळते. वर्धा जिल्ह्याच्या इतिहासात तिची स्वतंत्र नोंद होणे गरजेचे आहे.

४. श्रद्धेचा ऐतिहासिक अभ्यास करताना व्यक्तीच्या उद्गारांपेक्षा तिच्या निर्णयांना, आणि त्यांतही ज्या निर्णयांतून कोणताही लाभ संभवत नव्हता त्यांना, अधिक महत्त्व द्यावे लागते.

वर्धेतील मगन संग्रहालय आजही उभे आहे आणि मगनवाडीच्या परिसरात महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था कार्यरत आहे. येथील महाविद्यालयांतील इतिहास, अर्थशास्त्र व समाजशास्त्र या विभागांनी एकत्र येऊन सेलडोहसारख्या ठिकाणच्या प्रयोगांच्या स्थानिक स्मृती आणि कागदपत्रे संकलित केल्यास या विषयावर अधिक प्रकाश पडू शकेल. त्या प्रयोगांशी संबंधित पिढी काळाच्या पडद्याआड जात असल्यामुळे हे काम विनाविलंब हाती घेणे अगत्याचे आहे.